ओटीतला कापूस आणि काचेची पेटी

दिवाळीनंतर अकोटकडच्या पांढऱ्या शेतात वेचणीला वाकलेल्या बायांमध्ये एखादी सातव्या-आठव्या महिन्यातली असतेच. कमरेची ओटी कापसानं फुगलेली, खाली पोट. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून तिला बसायची सोय नाही. यातल्या कितीतरी जणी मेळघाटातून उतरलेल्या कोरकू असतात. बाळाचं वजन इथंच ठरतं, म्हणून बालमृत्यूची गोष्ट शेतातून सुरू करायला हवी.

हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं म्हणजे अर्भकमृत्यू दर. नमुना नोंदणी पाहणीत २०२० साली तो देशात २८, महाराष्ट्रात १६, केरळात ६ आणि मेळघाटातल्या धारणीला खेटून असलेल्या मध्य प्रदेशात ४३ होता. राज्यातल्या शहरांत ११, खेड्यांत २०. सोळा ऐकून बरं वाटतं. पण पुण्यातल्या बंगल्यातलं बाळ आणि चिखलदऱ्याच्या ढाण्यावरचं, म्हणजे कोरकू वस्तीवरचं, बाळ याच सोळात मिसळून जातं.

दगावणाऱ्या अर्भकांतली निम्म्याहून जास्त पहिल्या महिन्यातच जातात. अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, जन्मताच गुदमरणं, जंतुसंसर्ग. अमरावतीच्या डफरीन किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंग या स्त्री रुग्णालयांत अशा बाळाला ऊब देणारी काचेची पेटी आहे. धारणीहून अमरावती मात्र सुमारे दीडशे किलोमीटर, वाटेत घाट. पैसेवाला रातोरात गाडी काढतो, मजुराचं कुटुंब १०८च्या रुग्णवाहिकेची वाट बघतं. बाळ गार पडायला तेवढा वेळ पुरतो. लोक आधी भुमकाकडे, म्हणजे कोरकूंच्या पारंपरिक वैदूकडे, का जातात, असं शहरात विचारलं जातं. भुमका गावात असतो, हेच त्याचं उत्तर.

गावातच उपचार करता येतात, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवलं. थोडंफार शिकलेल्या गावच्या बाईला त्यांनी बाळ तोलायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्याच वाटेनं २०११पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या सहा फेऱ्यांचे मिळून अडीचशे रुपये ठरले. हे मानधन मला लाजिरवाणं वाटतं.

आणि वेचणीच्या हंगामात आशाताई तिसऱ्या दिवशी पोचते, तेव्हा कधी कधी दाराला कुलूप असतं. बाळंतीण अकोट तालुक्यात कुणाच्या शेतावरच्या झोपडीत, बाळ बांधावर धुडक्यात गुंडाळलेलं. नाव धारणीच्या वहीत आहे. अकोटच्या आशाताईच्या वहीत ते नाही, म्हणून त्या झोपडीत वजनकाटा घेऊन कुणी येत नाही.