आर१ए साठ टक्के, म्हणजे साठ टक्के काय?

एखाद्या समाजातल्या साठ टक्के पुरुषांत आर१ए हा हॅप्लोग्रुप सापडला, की तो समाज ‘साठ टक्के आर्य’ ठरवून मोकळे होणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आणि त्यांना खोटे पाडायला तितक्याच हिरिरीने दुसरा आकडा फेकणारेही. दोघांचे गणित एकाच जागी चुकते. हॅप्लोग्रुप म्हणजे वाय-गुणसूत्रातल्या एखाद्या जुन्या बदलावरून ओळखू येणारी पितृवंशाची फांदी. तिचा टक्का त्या समाजाच्या पूर्वजांची वाटणी सांगत नाही. किती पुरुषांची सरळ बापाकडची रेषा त्या फांदीला जाऊन मिळते, एवढेच सांगतो. सगळ्या जनुकसंचात वाय-गुणसूत्राचा वाटा जेमतेम दोन टक्के. टोकांचे लहान तुकडे सोडले, तर ते बापाकडून मुलाकडे न मिसळता जाते, म्हणून बाप, आजोबा, पणजोबा ही रेषा त्यात स्वच्छ उमटते. पण आईचे वडील त्या रेषेत नाहीत, आजीचे वडीलही नाहीत. दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात (नात्यातल्या लग्नांमुळे काही माणसे त्यात दोनदा येतात, ते सोडा) आणि वाय-गुणसूत्र त्यांतल्या एकाच जागेची साक्ष देते.

ही तफावत किती मोठी असू शकते, ते स्पेन-पोर्तुगालच्या प्राचीन डीएनएने दाखवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार इसवी सनपूर्व २०००च्या सुमारास त्या द्वीपकल्पातला पूर्वजवारसा सुमारे ४० टक्के बदलला होता. पुरुषांची वाय-गुणसूत्रे मात्र जवळजवळ १०० टक्के बदलली होती. यात चमत्कार काही नाही. बाहेरून आलेल्या पुरुषाने स्थानिक स्त्रीशी लग्न केले, तर मुलाचा निम्मा जनुकसंच बाहेरचा. मुलानेही स्थानिक मुलगी केली, तर नातवात एक चतुर्थांश, तसेच पुढे चालले तर पणतवात एक अष्टमांश. वाय-गुणसूत्र मात्र तिन्ही पिढ्यांत शंभर टक्के पाहुण्याचे. केवळ वाय पाहणारा म्हणेल, जुने लोक नामशेष झाले. फिनलंडमध्येही तेच: तिथल्या निम्म्याहून अधिक पुरुषांत सैबेरियाकडून आलेला एन हॅप्लोग्रुप आहे, पण फिनिश लोकांच्या पूर्ण जनुकसंचातला सैबेरियन वाटा त्याच्या कितीतरी पट कमी आहे.

भाषेचे तरी वायशी नाते पक्के असेल, असा दुसरा समज. त्याला बास्क लोकांचे उत्तर आहे. आर१बी हा हॅप्लोग्रुप त्यांच्यात फार मोठ्या प्रमाणात, पश्चिम युरोपातल्या सर्वाधिकांपैकी, आढळतो. त्यांची भाषा इंडो-युरोपीय नाही, म्हणून हा हॅप्लोग्रुप युरोपच्या हिमयुगीन रहिवाशांचा मानला जाई. प्राचीन डीएनए हाती आल्यावर ते उलटले. बास्कांमधली आर१बीची शाखा कांस्ययुगात पूर्वेकडून आलेल्या लोकांबरोबर पोचली होती. पितृवंश बदलला आणि भाषा टिकली. याच आर१बीची एक वेगळी, फार पूर्वी फुटलेली शाखा कॅमेरूनच्या उत्तरेकडे आणि चाडच्या परिसरात भरपूर सापडते. तेव्हा अक्षरावरून वंश, वर्ण वा तोंडवळा ओळखणे सोडून द्यावे. भारतीय आणि पोलिश आर१एचेही तसेच. भारतात मुख्यतः झेड९३ ही शाखा आहे, पूर्व युरोपात झेड२८२. दोन्ही एकाच बुंध्याच्या, पण कोणी कोणाची आई नव्हे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. दोन समाजांची तुलना केली, तर वायमध्ये फरक इतर जनुकांपेक्षा ठळक दिसतो. मग समाज मुळातच वेगळे, असे का म्हणू नये? निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. एका जोडप्यामागे साधारण गुणसूत्राच्या चार प्रती असतात, वायची एकच. त्यामुळे योगायोगाचा फटका वायला जास्त बसतो: ज्या घरी मुलीच झाल्या त्या घरचे वाय, आडनावासारखे, तिथेच थांबते. लहान गावात काही पिढ्यांत दोन-तीनच वंश उरतात, शेजारच्या गावात दुसरेच दोन-तीन. वंशाच्या दिव्याचे हे असे आहे. त्यात लग्नानंतर मुलगी सासरी जाणे ही बहुतेक समाजांची रीत. १९९८ मध्ये एका संशोधन-निबंधाने वायमधल्या जादा फरकाचे कारण यातच शोधले. २००१ मध्ये उत्तर थायलंडच्या डोंगरी जमातींत ते तपासले गेले. जिथे नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, तिथे चित्र उलटे झाले आणि गावागावांतला फरक मातृवंशात जास्त निघाला. जगाच्या पातळीवर हे स्पष्टीकरण कितपत लागू पडते, याला २००४ मध्ये दुसऱ्या गटाने आव्हान दिले. गावपातळीवरचा परिणाम मात्र नाकारणे कठीण. म्हणजे वायमधला फरक बऱ्याचदा विवाहपद्धतीची नोंद असतो. वायपलीकडच्या जनुकांचा विचार केला, तर माणसांमधल्या भेदांपैकी सुमारे ८५ टक्के भेद एकेका समाजाच्या आतच आढळतात, हे जनुकशास्त्रज्ञ लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच मांडले होते.

मग वायची तुलना निरुपयोगी? मुळीच नाही. स्पेनमधले ४० आणि १०० शेजारी ठेवले, म्हणूनच कळले की त्या स्थलांतरात संततीचा मान मुख्यतः बाहेरच्या पुरुषांकडे गेला. वाय एकटा बोलू लागला की दिशाभूल होते. आशियाच्या एका मोठ्या टापूत सुमारे आठ टक्के पुरुषांत आढळलेला एक वंश २००३ मध्ये चंगीझखानाशी जोडला गेला, आणि ते नाते जणू सिद्धच झाले असे लोक आजही सांगतात. २०१८च्या विश्लेषणाने त्याच वंशाचा उगम सुमारे २,६०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे खानाच्या कितीतरी आधीचा काढला.

आपल्याकडचा आर्यांबद्दलचा वाद याच चाळणीतून न्यावा लागेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये राखीगढी या हडप्पा संस्कृतीच्या स्थळी सापडलेल्या एका सांगाड्याचा जनुकसंच प्रसिद्ध केला. ‘हडप्पावासीयांत आर१ए नव्हता’ याचा पुरावा म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले जाते. त्या एका सांगाड्यात युरेशियाच्या स्टेप या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा वारसा नव्हता, हे पूर्ण जनुकसंचावरून कळले. आर१एबद्दल मात्र तो सांगाडा काहीच सांगू शकत नाही. तो स्त्रीचा होता.