पगारी पाळक आणि सातारचा संन्यासी

मिशनरी हा शब्द ऐकला कीं आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडत असे, आणि ती उगाच पडत नसे. ज्या घरांतला कर्ता मुलगा बाप्तिस्मा घेऊन निघून गेला, त्या घराला तो जिवंतपणींच मेल्यासारखा होई. परंतु ही झाली आपली बाजू. गांवकुसाबाहेरच्या वस्तींत याच मिशनऱ्याचें रूप निराळें होतें. जिला गांवच्या पाणवठ्यावर उभें राहण्याचीही बंदी होती, त्या वस्तींत तो शाळा आणि औषध घेऊन गेला.

आजच्या सांगली जिल्ह्याचा मुलूख त्या काळीं कांहीं सातारा जिल्ह्यांत, तर कांहीं सांगली, मिरज इत्यादि संस्थानांत वांटलेला होता. डॉ. विल्यम वानलेस हे १८८९ सालीं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फें तेथें आले. १८९४ सालीं त्यांनीं मिरजेचें इस्पितळ उघडलें, पुढें वैद्यकाची शाळा काढली, कुष्ठरोग्यांसाठीं आश्रम काढला. सांगली-मिरजेच्या दरम्यानची वानलेसवाडी त्यांचेंच नांव सांगते. मोतीबिंदूनें आंधळा झालेला म्हातारा बैलगाडींतून यावा आणि डोळस होऊन परत जावा, मग डॉक्टर कोणाच्या पैशावर राहतो हें त्याला विचारावयाचें कारणच उरत नसे.

खेड्यांतील देशी पाळकाचें तसें नव्हतें. त्याच्या हातीं ना शस्त्र, ना औषधाची बाटली. आठवडाभर मुलांना बाराखडी शिकवावी, रविवारीं उपासना चालवावी, बारशाला, लग्नाला, मर्तिकाला उभें राहावें, भाऊबंदांचीं भांडणें मिटवावीं, निरक्षरांचीं पत्रें वाचून दाखवावींत, असा त्याचा दिनक्रम. त्याचें सारें भांडवल म्हणजे त्याचा शब्द. आणि त्या शब्दाच्या मागें दरमहा परदेशांतून येणारा पगार उभा! "पोटासाठीं बाटला" हे चार माणसांनीं ओट्यावर बसून सहज फेंकलेले दोन शब्द त्याचा दहा वर्षांचा उपदेश पुसून टाकीत. १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनीं पोरक्या मुलांना आधार दिला, तेव्हां तर हा आरोप घरोघर झाला. उपाशी पोराला जेवूं घालणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार त्यास जेवूं न घालणाऱ्यांना कितपत होता, हा प्रश्न वेगळा.

हा आरोप मनाला सर्वांत अधिक लागला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या. कोंकणांतल्या करजगांवीं १८६१ सालीं चित्पावन कुळांत जन्म, कवि, वक्ते. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मुलासह मागें राहिल्या. मध्यें सुमारें पांच वर्षें गेलीं. १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. त्या पांच वर्षांत त्या बाईनें काय सोसलें तें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यास ठाऊक आहेच. इंग्रजी चालींवर बेतलेलीं भाषांतरित गीतें खेड्यांतील मंडळींच्या तोंडीं बसत ना. टिळकांनीं त्यांना अभंग दिले, भजन आणि कीर्तन दिलें. टाळ वाजला कीं वस्तींतली म्हातारी आपोआप जवळ सरकते, हें त्यांना पोथींतून शिकावें लागलें नव्हतें.

तरी पगार राहिलाच होता. १९१७ सालीं त्यांनीं अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यासवृत्ति पत्करली आणि साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' मांडला. येशूला गुरु मानणारा मनुष्य, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, या दरबारांत सारख्याच मानाचा. परदेशी मिशनऱ्यांशीं त्यांचें वैर नव्हतें. परंतु हिंदी शिष्यानें साहेबाचा ताबेदार होऊन हिंदी माणसापुढें उभें राहूं नये, हें त्यांचें म्हणणें होतें. माझ्या मतें तें खरें होतें, आणि महागही होतें. साठीकडे झुकलेला, प्रकृतीनें थकलेला गृहस्थ ठराविक प्राप्ति सोडतो, तेव्हां त्याग एकट्याचा होत नाहीं. चूल घरच्या बाईला पेटवावी लागते. टिळकांचा हात आधींच सढळ. दारीं आलेल्याला घरांतलें उचलून द्यावें आणि मग घरांत काय उरलें तें लक्ष्मीबाईंनीं पाहावें, ही रीत जुनीच होती. पुरुषांच्या वैराग्याचे पोवाडे गाणाऱ्यांनीं हा हिशेब सहसा मांडलेला नाहीं.

दरबाराला अवधि मिळाला तो फार तर पावणेदोन वर्षांचा. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले. त्यांच्याच इच्छेप्रमाणें त्यांच्या देहाला दफनाऐवजीं अग्नि देण्यांत आला. माणसांची फळी उभी राहण्याआधींच चालक गेला, म्हणून दरबार पांगला. मात्र ती कल्पना त्याच्याबरोबर गेली नाहीं. टिळकांचें इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनीं १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि देशी राहणीचा आश्रम हेंच त्याचें स्वरूप ठेवलें. त्याच संघांतून निघून शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ व्हेरियर एल्विन यांच्यासह १९३२ सालीं मंडला जिल्ह्यांतील गोंडांच्या खेड्यांत जाऊन राहिले. एल्विन पुढें ईशान्येकडे गेले; शामराव गोंडांतच राहिले.

आणि साताऱ्याच्या संन्याशाचें 'ख्रिस्तायन' अर्धेंमुर्धें राहिलें होतें. तें पुरें करावयास लक्ष्मीबाई बसल्या.