फीवाढीला विरोध झाला, पण फी भरणार कोण होतं?

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या दोघातिघांनी विचारलंय, एखाद्या चालू वादावर रिसर्च करायचा तर सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर एका फजितीतून आलंय. डिपार्टमेंटच्या सेमिनारमध्ये मी सॅन दिएगो शहरातल्या फीवाढीची केस मांडली. बिल्डर लॉबीनं फी कशी हाणून पाडली, हे वीस मिनिटं तावातावानं सांगितलं. गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "ही फी भरणार कोण होतं?" मी म्हणालो, "बिल्डर." त्या म्हणाल्या, "चेक त्याचा. पण पैसे कोणाचे?" मी गप्प. आज तीच केस परत नीट बघू.

केस काय आहे?

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोनं १९९० मध्ये नव्या व्यावसायिक बांधकामावर 'लिंकेज फी' लावली. लॉजिक सोपं आहे. नवं ऑफिस किंवा हॉटेल आलं की तिथं कमी पगाराचे सफाई कामगार, वेटर, सिक्युरिटी गार्डही लागतात. त्यांना शहरात परवडणारं घर मिळत नाही. म्हणून बांधकामाच्या प्रत्येक चौरस फुटामागे थोडी रक्कम घरांच्या फंडात जमा करायची. ऑफिससाठी दर होता २.१२ डॉलर. १९९६ मध्ये, मंदीचं कारण देऊन, तो निम्मा म्हणजे १.०६ डॉलर केला गेला आणि पुढे अनेक वर्षं तिथंच राहिला.

२०१३ च्या शेवटी सिटी कौन्सिलनं फी कित्येक पटींनी वाढवायचं ठरवलं. व्यापारी आणि बांधकाम संघटनांनी तिला 'जॉब्स टॅक्स' म्हणत रेफरेंडमसाठी सह्या गोळा केल्या. कौन्सिलपुढे दोनच पर्याय उरले, वाढ मागे घ्या किंवा मतदारांपुढे जा. मार्च २०१४ मध्ये वाढ मागे घेतली गेली. नंतर तडजोड झाली: १९९० च्या दरावर परत जायचं, तेही तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं.

विरोधकांचे दोन दावे

पहिला दावा असा, की बिल्डर फी भाडेकरूवर ढकलेल आणि छोटे धंदे महाग होतील. दुसरा, बिल्डर शेजारच्या शहरात निघून जातील आणि नोकऱ्या जातील. आता गंमत बघा. फी पूर्णपणे भाडेकरूवर ढकलता येत असेल, तर बिल्डरनं पळून का जावं? आणि ढकलता येत नसल्यामुळे तो पळत असेल, तर पहिला दावा लंगडा पडतो. दोन्ही थोडेथोडे खरे असू शकतात, पण दोन्ही शंभर टक्के खरे असू शकत नाहीत. इथं अर्थशास्त्रातली 'इन्सिडन्स' ही संकल्पना लागते: कराचा भार शेवटी कोणाच्या खिशावर पडतो.

खिसे तीन आहेत. भाडेकरूला दुसरीकडे सहज जाता येत असेल, तर भाडं फारसं वाढवता येत नाही. बिल्डरनं जमीन आधीच विकत घेतली असेल, तर अचानक आलेली फी त्याच्या नफ्यातून जाते. पण फी आधीपासून माहीत असेल, तर बिल्डर जमिनीलाच कमी भाव देतो आणि भार बऱ्याच अंशी जमीनमालकावर सरकतो. म्हणजे फी किती, याच्याइतकंच ती कधी आणि किती सूचना देऊन लावली, हेही महत्त्वाचं. तीन वर्षांच्या टप्प्यांमागचा अर्थ मला इथं कळला. अडकलेल्या बिल्डरची तक्रार अगदीच खोटी नव्हती.

टक्केवारीपासून सावध

'अमुक शे टक्के वाढ' हे ऐकून दचकायला होतं. साधं गणित करा. ५०,००० चौरस फुटांचं ऑफिस, बांधकाम खर्च समजा २०० डॉलर प्रति फूट, म्हणजे एकूण १ कोटी डॉलर. १.०६ च्या दरानं फी होते ५३,००० डॉलर, म्हणजे खर्चाच्या जेमतेम अर्धा टक्का. दर पाचपट केला, तरी सुमारे २.६५ टक्के. पाचपट हेही खरं आणि २.६५ टक्केही खरं. कोण कुठला आकडा पुढे करतो, ते नोंदवून ठेवा.

तडजोडीतला 'जुना दर' पण तपासा. १९९० ते २०१४ मध्ये अमेरिकेत ग्राहक किमती साधारण ८० टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे २०१४ च्या २.१२ डॉलरची किंमत १९९० च्या हिशोबात १.१७ डॉलरच्या आसपास. कागदावर जुना दर परत आला, खरेदीशक्तीत मात्र जवळपास निम्माच. या फंडातून घर मिळायची वाट बघणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

दोन प्रश्नांची गल्लत

अशी फी लावण्याआधी 'नेक्सस स्टडी' करतात. नव्या इमारतीमुळे घरांची गरज किती वाढते, याचा तो हिशोब. सॅक्रामेंटोची अशीच फी १९९१ मध्ये फेडरल अपील कोर्टात टिकली, कारण तिच्यामागे असा अभ्यास होता. पण नेक्सस स्टडी फक्त कमाल मर्यादा सांगते. तेवढी फी बाजाराला झेपेल का, हा वेगळा प्रश्न आणि त्याला वेगळा अभ्यास लागतो. समर्थक पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत राहतात, विरोधक दुसरा विचारत राहतात, आणि वाद संपत नाही.

तुमच्यासाठी होमवर्क

आपल्याकडे एमआरटीपी कायद्यात १९९२ मध्ये विकास शुल्काचं प्रकरण घातलं गेलं, आणि व्यावसायिक वापराला दर निवासीपेक्षा जास्त असतो. तुमच्या शहरातली एखादी दरवाढ घ्या आणि चार गोष्टी लिहा: चेक कोणाचा, भार कोणाचा, वाढीची पूर्वसूचना किती होती, आणि महागाई वजा केल्यावर वाढ उरते किती. बाजू कुठलीही घ्या, पण ही चार उत्तरं लिहून झाल्यावर. मी उलटं केलं होतं, म्हणून तर सेमिनारमध्ये गप्प बसायची वेळ आली.