स्टार्टरची खरखर आणि बिचारी बॅटरी

गाडी सुरू करताना ‘खर्रर्र’ असा आवाज आला, की बहुतेक जण बॅटरीला दोष देतात. पण बॅटरी उतरली असेल तर इंजिन रेंगाळत फिरते किंवा नुसती टकटक ऐकू येते. खरखर असते ती दात्यांची.

किल्ली फिरवताच स्टार्टर मोटारचे पिनियन (छोटे दातेरी चाक) पुढे सरकून फ्लायव्हीलच्या (इंजिनला जोडलेले जड चाक) कडेवरील दात्यांत बसते आणि इंजिन फिरवते. ते नीट बसले नाही, की दाते घासतात. दप्तराची झिजलेली चेन ओढावी तसे. कारण पुष्कळदा साधेच निघते: स्टार्टरचे बोल्ट ढिले, नाहीतर पिनियन झिजलेले. आवाज कधी येतो, कधी नाही, असे असेल तर फ्लायव्हीलवर संशय घ्यावा. बंद होताना इंजिन बहुधा ठरावीक काही जागीच थांबते, त्यामुळे तेवढेच दाते जास्त झिजतात. (चालू इंजिनवर चुकून पुन्हा किल्ली फिरवली, तरी हाच आवाज येतो.)

स्टार्टर बदलणे त्या मानाने सोपे. फ्लायव्हीलचे दाते गेले, तर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी वाढते. म्हणून खरखर ऐकल्यावर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. मेकॅनिकला आधी तोच तपासायला सांगा.