पिंपातली जिवंत बिअर

लंडनमध्ये उतरलेल्या प्रवाशाला पब पावलोपावली भेटतात. परंतु उत्तम ‘कास्क एल’ मिळेलच, अशी शाश्वती नसते. ही पिंपातली बिअर गाळून वा तापवून निर्जीव केलेली नसते. यीस्टमुळे ती पबच्या तळघरातही आंबत, मुरत राहते आणि सुमारे 12 अंश सेल्सिअसला, बाहेरच्या वायूच्या दाबाविना, हातपंपाने ओढली जाते. पिंप एकदा उघडले की साधारण तीन दिवसांत संपावे लागते. पुढे हवेने चव बिघडते. म्हणूनच जाणकार प्रवासी पंपांच्या लांबलचक रांगेला भुलत नाही. पंप मोजके आणि वर्दळ भरपूर, अशी जागा तो शोधतो.

1960 नंतर बड्या कंपन्यांनी वायूच्या दाबावरची टिकाऊ बिअर पुढे रेटली. त्याविरुद्ध 1971 मध्ये चौघा मित्रांनी ‘कॅम्रा’ ही ग्राहक-चळवळ उभारली. 1974 पासून तिची पबविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध होत आली आहे. तरीही वॉन्ड्सवर्थमधील यंग्ज कंपनीचा जुना कारखाना 2006 मध्ये बंद झालाच. केवळ चळवळीने ही बिअर टिकणार नाही. तळघरात तिची निगा राखणारा माणूस आणि पारखून मागणारे गिऱ्हाईक, दोन्ही हवेत.