शेजाऱ्याची शेळी, आपली केळी

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरची केळी इसापूर धरणाच्या पाण्यावर उभी आहे. पाऊस पडला की मृगबागेची घाई सुरू होते. टिश्यू कल्चरचं रोप विकत आणायचं, ठिबकच्या नळ्या अंथरायच्या, खत द्यायचं. पुढचे दोन-तीन महिने शेतकऱ्याचा जीव त्या वीतभर रोपांत अडकलेला असतो. अशा रानात दुपारच्या वेळी पाच-सहा शेळ्या शिरल्या, तर राखणीवरचा माणूस जेवून येईपर्यंत दोन-चार ओळी संपलेल्या असतात. पोंगा खाल्लेलं रोप मरतंच असं नाही, पण मागं पडतं. बाकीची बाग निसवते तेव्हा ते अजून पानंच काढत असतं, आणि व्यापारी घड कापायला येतो तो एकदम तयार असलेल्या मालासाठी. म्हणजे तोटा खाल्लेल्या पानांचा नसतो, वर्षभराच्या वेळापत्रकाचा असतो.

शेळ्या असतात शेजाऱ्याच्या, आणि भांडण तिथंच सुरू होतं. “दादा, शेळ्या बांधून ठेवा,” असं पहिल्यांदा समजुतीनं सांगितलं जातं. दुसऱ्यांदा आवाज चढतो. तिसऱ्यांदा कुणाच्या तरी शेळीचा पाय मोडलेला असतो, नाहीतर कुत्रं विष खाऊन पडलेलं असतं. मग ज्याचं नुकसान झालं तोच पोलीस ठाण्याच्या बाकावर आरोपी म्हणून बसतो. असं का होतं आणि कायदा नेमकं काय म्हणतो, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असतं. ते ठाऊक असायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

हा वाद आपल्या मातीत फार जुना आहे. लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य, म्हणजे सन 1076 ते 1126 चा काळ, तेव्हाची ही राजधानी. तिथं विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या वादात हिंदुस्थानाच्या बहुतेक भागांतल्या न्यायालयांनी ती प्रमाण मानली. त्याच स्मृतीत गुरांचा मालक आणि गुराखी यांच्या वादांचं स्वतंत्र प्रकरण आहे. म्हशीनं पीक नासवलं तर आठ माष दंड, गाईला त्याच्या निम्मा आणि शेळ्या-मेंढ्यांना त्याच्याही निम्मा. जनावर पीक खाऊन तिथंच बसलं तर दंड दुप्पट. हे वाचून मी थांबलो, कारण शेतात राबलेल्या माणसालाच हा नियम सुचू शकतो. खाऊन निघून गेलेलं जनावर चुकून आलेलं असू शकतं. खाऊन रवंथ करत बसलेल्या जनावराकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, हे उघड आहे. शिवाय दंड वेगळा आणि नुकसान वेगळं: जितकं पीक गेलं तितकं शेतमालकाला भरून द्यायचं. वाटेच्या किंवा गायरानाच्या कडेच्या शेतात जनावर नकळत शिरलं तर दोष नाही, मुद्दाम सोडलं तर चोराइतकी शिक्षा. देवाला सोडलेला वळू आणि नुकतीच व्यालेली गाय यांना सूट.

नऊशे वर्षांनंतरही कायद्याचा गाभा तोच आहे. जनावराला दोष नसतो, ज्याच्या ताब्यात ते असतं त्याला असतो.

इंग्रजांनी 1871 मध्ये गुरांच्या घुसखोरीचा कायदा केला आणि कोंडवाड्याची व्यवस्था कागदावर नीट बांधली. पुढे राज्याच्या ग्रामपंचायत आणि नगरपालिका कायद्यांनी हे काम स्थानिक संस्थांकडे दिलं, त्यामुळे आपल्या गावाला नेमकं कोणतं कलम लागू आहे हे ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत विचारून घ्यावं. तरी सगळ्याचा सांगाडा 1871 चाच आहे. त्या कायद्यात ‘गुरं’ म्हणजे फक्त गाई-म्हशी नाहीत. शेळ्या, मेंढ्या, डुकरं, घोडे, गाढवं, उंट, इतकंच काय हत्तीसुद्धा त्यात आहे. कुत्रा आणि मांजर मात्र नाही.

या कायद्यानं शेतकऱ्याला एक अधिकार दिला. रानात शिरून नुकसान करणारं जनावर तो स्वतः पकडू शकतो. पण पकडल्यावर 24 तासांच्या आत त्यानं ते कोंडवाड्यात पाठवलं पाहिजे. आखाड्यावर बांधून ठेवून “आधी पैसे दे, मग शेळी ने,” असं म्हणण्याची मुभा कायदा देत नाही. उलट जनावर बेकायदा अडकवून ठेवलं, तर मालक दहा दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतो. दुसऱ्या बाजूला, कायदेशीरपणे पकडलेलं जनावर मालकानं दांडगाई करून सोडवून नेलं, तर मूळ कायद्यात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कोंडवाड्यातलं जनावर सात दिवसांत कुणी नेलं नाही तर राखणदारानं पोलिसांना कळवायचं. मग नोटीस लावायची, गावात आणि बाजारात दवंडी पिटायची, त्यानंतरही सात दिवस वाट पाहायची आणि शेवटी लिलाव करायचा. डुकरांसाठी वेगळं कलम आहे, पण त्यातला दंड दहा रुपयांपर्यंतच. 1871 मध्ये ती रक्कम मोठी होती.

पुष्कळ जण कोंडवाड्याचा दंड भरला म्हणजे प्रकरण मिटलं असं समजतात. तसं नाही. तो दंड शेतकऱ्याला मिळत नाही. पिकाच्या नुकसानीसाठी दिवाणी दावा लावण्याचा शेतकऱ्याचा हक्क याच कायद्यानं शाबूत ठेवला आहे. इंग्रजी परंपरेच्या कायद्यात अशा दाव्यात मालकाचा निष्काळजीपणाही सिद्ध करावा लागत नाही. तुमचं जनावर माझ्या रानात आलं आणि त्यानं पीक खाल्लं, एवढं पुरेसं असतं. फ्रान्सच्या 1804 च्या दिवाणी संहितेनं तर सरळ लिहून टाकलं, की जनावर मालकाच्या ताब्यात असो, वाट चुकलेलं असो की सुटून गेलेलं असो, नुकसानीला मालकच जबाबदार.

कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. ते पीक खात नाही, माणसाला चावतं. इथं 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 येतं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना मालकानं पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम 289 होतं आणि दंड 1,000 रुपये होता.

जुनं 289 काय किंवा नवं 291 काय, हे कलम केवळ पुस्तकात नाही. मुंबईत वरळीच्या एका इमारतीत 2018 च्या फेब्रुवारीत एक रहिवासी आपला हस्की जातीचा कुत्रा घेऊन लिफ्टमध्ये शिरू लागला. आत शेजारी आपल्या लहान मुलाला घेऊन उभा होता. मुलाला कुत्र्यांची भीती वाटते, थोडं थांबा, अशी विनंती त्यानं केली. मालक थांबला नाही आणि कुत्रा शेजाऱ्याच्या हाताला चावला. मे 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांनी मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. कुत्रा ओढून लिफ्टमध्ये आणतानाचं सीसीटीव्ही चित्रण पुराव्यात होतं. या निकालातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते विनंती नाकारणं. शेजाऱ्यानं धोका बोलून दाखवला होता. त्यानंतर “मला काय माहीत?” असं म्हणायला जागाच उरली नव्हती.

गावातही हेच लागू पडतं. कुत्रा अंगावर धावतो हे मालकाला आधी लेखी कळवलेलं असेल, त्याची पोच हातात असेल, तर पुढचं प्रकरण उभं राहतं. नुसत्या बोलाचालीतून काही राहत नाही. पिकाच्या बाबतीतही त्याच दिवशी फोटो काढावेत, जनावर रानात असतानाचे. गाईगुरांच्या कानातल्या बिल्ल्यावरचा 12 अंकी क्रमांक दिसेल असा एखादा फोटो हवा, कारण ‘ते ढोर माझं नव्हेच’ हा बचाव सर्रास होतो. दोन तटस्थ पंचांसमोर नुकसानीची नोंद करावी. शक्य असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) बोलावून किती रोपं गेली ते लिहून घ्यावं. रोही किंवा रानडुक्कर असेल तर गोष्टच निराळी. त्याला मालक नाही, तिथं भरपाईचा अर्ज वन विभागाकडे जातो.

आणि राग. शेळीच्या पायावर काठी घालणं, कुत्र्याला विष देणं, बैलाच्या अंगावर गरम पाणी टाकणं, हे सगळं न्याय संहितेच्या कलम 325 खाली येऊ शकतं. जनावर मारणं किंवा निकामी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पीक गेलं म्हणून ही शिक्षा टळत नाही. निष्काळजी मालकाला सहा महिने आणि चिडलेल्या शेतकऱ्याला पाच वर्षं, ही तफावत अनेकांना अन्यायाची वाटते. मला ती तशी वाटत नाही, कारण एकाकडून चूक होते आणि दुसरा जाणूनबुजून मुक्या जिवावर सूड उगवतो. पण तफावत माहीत नसल्यामुळे गरीब माणूस तुरुंगात जातो, याचं मात्र फार वाईट वाटतं.

आजच्या मराठवाड्यात यातला अवघड भाग आहे सोडून दिलेल्या जनावरांचा. ट्रॅक्टर आले, बैलांचं काम गेलं. 2015 पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हातारं जनावर पोसायला चारा नाही, विकायला गिऱ्हाईक नाही. मग रात्री दावं सोडलं जातं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमार होईल अशा रीतीनं जनावर टाकून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 50 रुपयांपर्यंतच. अर्धापूरवरून जाणाऱ्या तुळजापूर–नागपूर महामार्गासारख्या रस्त्यावर असं जनावर आडवं आलं, तर नुकसान शेजाऱ्याच्या केळीपुरतं राहत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गांवरची मोकाट गुरं हटवून निवाऱ्यात ठेवण्याचे आदेश देशभर दिले. ती ठेवायची कुठे, हा प्रश्न शेवटी गावापाशीच येतो.

कोंडवाडा आठवायचा तो इथं. कित्येक गावांत त्याच्या भिंती पडल्या, कुठं जागेवर अतिक्रमण झालं, कुठं राखणदाराचं पद कागदावरही राहिलं नाही. कायदा शेतकऱ्याला सांगतो की जनावर पकड आणि 24 तासांत कोंडवाड्यात दे. कोंडवाडाच नसेल तर त्यानं काय करावं? मारावं, बांधून ठेवावं की सोडून द्यावं? पहिल्या दोन वाटा गुन्ह्याकडे जातात आणि तिसरी पुढच्या दुपारच्या नुकसानीकडे. कोंडवाडा होता तेव्हा दोन शेजाऱ्यांच्या मध्ये एक तिसरी जागा होती. शेळ्या तिथं जायच्या, मालक तिथं दंड भरायचा, आणि दोघांना एकमेकांच्या दारात उभं राहून बोलायची वेळ येत नसे. 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यानं तंटामुक्त गाव मोहीम चालवली. गावोगावच्या समित्यांनी अनेक भांडणं मिटवलीही. पण समिती भांडण झाल्यावर बसते, कोंडवाडा भांडणाआधी काम करतो.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत, नगरपंचायत असेल तर आपल्या नगरसेवकामार्फत, एक लेखी अर्ज द्यावा. त्यात तीन गोष्टी मागाव्यात: कोंडवाड्याची जागा मोकळी करणं, राखणदार नेमणं आणि चारा-पाण्याची सोय करणं. चौथी गोष्ट 1871 च्या कायद्यातच लिहिलेली आहे. दंडाचे आणि चारा-पाण्याच्या खर्चाचे दर सगळ्यांना दिसतील असे कोंडवाड्यापाशी लावलेले असले पाहिजेत. दर आधीच लिहिलेले असले, तर शेळीवाल्यालाही त्याच्यावर कुणी खार खाऊन जास्त वसुली केली असं वाटत नाही.