देव नेमका माझ्याच बाजूचा कसा?

नेहमीसारखाच हा आपल्या एपिसोडचा लेखी भाग. लोकलमध्ये रेंज गेली किंवा हेडफोन घरी राहिला, तर वाचून काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

आज सुरुवात माझ्याच गोष्टीनं करतो. ताईनं चर्चबाहेरच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा मी तिच्याशी बोलणं टाकलं. चांगलं दीड वर्ष. त्या काळात मी रोज प्रार्थना करायचो आणि दरवेळी मनात एकच उत्तर यायचं: तू बरोबर आहेस. मला वाटायचं, हे देवच सांगतोय. एक दिवस भाकरी थापता थापता आई सहज म्हणाली, "तुझा देव तुला कधीच चुकीचं ठरवत नाही का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. आजचा विषय तिथूनच निघाला.

हा प्रश्न तसा जुनाच. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी झेनोफानिस नावाच्या ग्रीक विचारवंतानं म्हणून ठेवलं, की बैल-घोड्यांना चित्रं काढता आली असती, तर त्यांनी आपले देव बैल-घोड्यांसारखेच काढले असते. पुढे 1841 मध्ये लुडविग फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञानं हाच मुद्दा थेट ख्रिस्ती धर्माला लावला. माणूस स्वतःतलं जे चांगलं ते आभाळात नेऊन ठेवतो आणि त्याला देव म्हणतो, असं त्याचं म्हणणं.

आता म्हणाल, हे झाले विचार. पुरावा काय? 2009 मध्ये शिकागो विद्यापीठाचे निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही प्रयोग केले. लोकांना वादाच्या विषयांवर तीन गोष्टी विचारल्या: तुमचं मत काय, इतर लोकांचं काय असेल आणि देवाचं काय असेल? श्रद्धाळू लोकांच्या बाबतीत देवाचं मत त्यांच्या स्वतःच्या मताशी जास्त जुळलं, इतरांच्या मतापेक्षाही जास्त. गंमत पुढेच आहे. एका प्रयोगात लोकांना फाशीच्या शिक्षेवर भाषण करायला लावलं, काहींना तर स्वतःच्या मताविरुद्ध. बोलता बोलता त्यांचं मत थोडं सरकलं. आणि त्यांच्या अंदाजातलं देवाचं मतही त्याच दिशेनं सरकलं!

यानं देव आहे की नाही हे ठरत नाही हं. पण देवाचं मत ओळखताना आपण कुठे बघतो, ते मात्र कळतं.

प्रयोगातल्या फॉर्मवर हे निरुपद्रवी वाटतं. हातात सत्ता आली की काय होतं ते बघा. 1807 मध्ये लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी. म्हणायला बायबल, पण त्यातून जुन्या कराराचा सुमारे 90 टक्के आणि नव्या कराराचा निम्मा भाग गाळलेला. इजिप्तच्या गुलामगिरीतून लोक बाहेर पडतात ती निर्गममधली कथा गायब. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचनही गायब. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे इफिसकरांस पत्रातलं वाक्य मात्र शाबूत! छापणारे स्वतःला धर्मसेवकच समजत होते.

अमेरिकेत गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसनं 1845 मध्ये आत्मचरित्र लिहिलं. शेवटी त्यानं स्पष्ट सांगितलं, की या देशातला ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्याच वर्षी गुलामगिरीच्या वादातून दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले. त्यांच्या संघटनेनं त्याबद्दल माफी मागितली ती 1995 मध्ये. म्हणजे दीडशे वर्षांनी.

आता कोणीतरी विचारेलच, की मग गुलामांनी त्याच बायबलमध्ये मुक्ती पाहिली, तेही प्रोजेक्शनच ना? प्रश्न रास्त आहे. आपली आशा घेऊनच वाचणार ना माणूस! पण एक फरक बघा. मालकांच्या वाचनाची किंमत कायम दुसऱ्यानं मोजली आणि त्या वाचनासाठी पानं गाळावी लागली. आपल्याला तर कात्रीही लागत नाही. नको त्या ओळीवरून नजर आपोआप पुढे सरकते.

मग करायचं काय? बायबलमध्येच एक छोटं पुस्तक आहे, योना. निनवेच्या लोकांना शिक्षा व्हावी, ही या संदेष्ट्याची मनापासून इच्छा. देव त्यांना माफ करतो आणि योना रुसून बसतो. पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं. योनाचं उत्तर दिलेलंच नाही. गेथशेमाने बागेत तर स्वतः येशू आपली इच्छा बाजूला ठेवून पित्याची मागतो. म्हणजे याच परंपरेत देव भक्ताला नाही म्हणतो.

त्यावरून मी स्वतःला तीन प्रश्न विचारायला लागलोय. गेल्या वर्षभरात देवानं माझं कोणतं मत बदललं? माझ्या श्रद्धेची किंमत मी मोजतोय की दुसरं कोणीतरी? आणि मी कोणती पानं उघडतच नाही?

तिन्हींची उत्तरं मला लाज आणणारी निघाली. त्या आठवड्यात ताईला फोन लावला. तिनं उचलला आणि पहिलंच वाक्य, "जेवलास का?" दीड वर्षाचा हिशेब तिनं मागितलाच नाही.

देव माझ्यासारखा असेल असं मी धरून चाललो होतो. खरं तर तो माझ्यासारखा नसेल, यातच माझ्यासाठी आशा आहे.

तुमचा देव तुम्हाला शेवटचं नाही कधी म्हणाला? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!